इंजिनिअर नसलेले वालचंद

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की सांगली, सातारा, कऱ्हाड, विटा, तासगाव या पट्ट्यात एक वाक्य घरोघर ऐकू येते. मुलाला वालचंद मिळाले, किंवा वालचंद थोडक्यात हुकले. मुलगी असेल तर ती वालचंदला आहे, एवढे सांगितले तरी समोरच्याला सगळे समजते. सांगलीहून मिरजेकडे जाताना विश्रामबागेत असलेल्या या इंजिनिअरिंग कॉलेजचे नाव आता एखाद्या गावाच्या नावासारखे झाले आहे. गावाचे नाव घेताना ते कुणावरून पडले याचा विचार आपण करत नाही. तसेच इथेही झाले आहे.

ज्यांच्या नावाच्या कॉलेजातून हजारो इंजिनिअर बाहेर पडले, ते वालचंद हिराचंद स्वतः इंजिनिअर नव्हते. इंजिनिअर तर सोडाच, ते बी. ए. देखील पुरे झालेले नव्हते. ते होते कंत्राटदार. आपल्याकडे हा शब्द काही फारशा आदराने उच्चारला जात नाही. सिमेंटमध्ये वाळू जास्त घालणारा आणि बिल मात्र पुरे लावणारा माणूस, अशी त्याची प्रतिमा. ती सर्वस्वी खोटी आहे असेही म्हणवत नाही. म्हणूनच या कंत्राटदाराचे आयुष्य जरा सावकाश पाहण्यासारखे आहे.

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे, धर्माने दिगंबर जैन. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी आणि सावकार, शिवाय जैन समाजातल्या सुधारणांसाठी झटणारे गृहस्थ. घरात पैसा होता, पेढी होती आणि पेढीवर बसायची परंपराही होती. वालचंद मॅट्रिक होऊन मुंबईच्या सेंट झेव्हियर्समध्ये आणि पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, पण पदवी न घेताच घरच्या व्यवसायात परतले. वाटले असते तर जन्मभर गादीवर बसून व्याजाचा हिशेब करता आला असता. या तरुणाचे मन मात्र त्यात रमले नाही.

विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. रेल्वेची कामे कशी निघतात, मोजमापे कशी धरतात, बिले कुठे अडतात, याची त्यांना खडान् खडा माहिती. भांडवल वालचंदांचे आणि माहिती फाटकांची, अशी ही भागीदारी जमली आणि फाटक-वालचंद या नावाने कामे सुरू झाली. सुरुवातीच्या कामांत बार्शी लाइट रेल्वेचे येडशीकडचे काम होते. त्या काळी सोलापूरच्या सावकाराच्या मुलाने उन्हात उभे राहून मातीचे भराव मोजावेत, हे घरच्यांना रुचणारे नसणार. पण धंदा बसला.

रेल्वेचे कंत्राट म्हणजे काय? रूळ सगळ्यांना दिसतात. त्याखाली असतात भराव, खडी, ओढ्यांवरच्या मोऱ्या आणि पुलांचे पाये. यातले निम्मे काम पुरे झाले की मातीखाली जाते आणि पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही. कंत्राटदाराची सारी परीक्षा या न दिसणाऱ्या भागात असते. पायात दगड कमी घातला तर उद्घाटनाच्या दिवशी ते कुणाला कळत नाही. कळते ते पंधरा पावसाळ्यांनंतर.

पुढे १९२० साली टाटांबरोबर टाटा कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली आणि वालचंदांच्या कामाचा आवाका एकदम बदलला. मुंबई-पुणे रेल्वेवरचे बोरघाटातले बोगदे, तानसा तलावाचे पाणी मुंबईला नेणाऱ्या नळांचे काम, सिंधू नदीवरचा कालाबागचा पूल ही त्या कंपनीची नामांकित कामे. १९३५ मध्ये तिचे नाव प्रीमियर कन्स्ट्रक्शन झाले. आजही पुण्याहून मुंबईला जाताना खंडाळ्याच्या बोगद्यात गाडी शिरली की पोरे आरडाओरडा करतात. तो डोंगर फोडण्याच्या कामात सोलापूरच्या एका कंत्राटदाराची कंपनी होती, हे त्यांना सांगायला हरकत नाही.

पण आमच्या मते वालचंदांचे सर्वांत दूरदृष्टीचे काम बोगद्यात नाही, नळात आहे.

१९२६ साली त्यांनी इंडियन ह्यूम पाइप कंपनी स्थापन केली. आज ज्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीला आपण ओळखतो, तिचा उगमही त्याच वर्षीचा. ह्यूम पाइप हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो एका माणसाच्या आडनावावरून आला हे सांगितले तर पुष्कळांना नवल वाटते. वॉल्टर ह्यूम हे ऑस्ट्रेलियातले. १९१० च्या सुमारास त्यांनी काँक्रीटचे नळ फिरवून घडवण्याची रीत शोधून काढली. ती भारतात आणून तिच्यावर मोठा उद्योग उभा करण्याचे काम वालचंदांनी केले.

ही रीत समजून घेण्यासारखी आहे, कारण काँक्रीटचे सारे शास्त्र तिच्यात थोडक्यात सामावले आहे. काँक्रीट खडूसारखे असते. खडू टेबलावर उभा करून वरून दाबला तर चांगला भार सोसतो, पण दोन्ही हातांत धरून वाकवला की कटकन तुटतो. दाब सोसायचा, ताण सोसायचा नाही, असा त्याचा स्वभाव. म्हणून जिथे ताण येणार तिथे पोलादाच्या सळ्या घालायच्या. योगायोगाने उष्णतेने काँक्रीट आणि पोलाद जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात, त्यामुळे वर्षानुवर्षे उन्हातान्हात राहूनही दोघांची फारकत होत नाही. शिवाय सिमेंटच्या क्षारधर्मामुळे आतली सळी गंजापासून सुरक्षित राहते. अर्थात तिच्याभोवती पुरेसे आणि घट्ट काँक्रीट असेल तरच.

ह्यूम यांच्या रीतीत सळ्यांचा एक गोल पिंजरा करतात. लांबीच्या दिशेने काही सळ्या आणि त्यांच्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली तार. मातीचा भार वरून आला की नळ किंचित चपटा होऊ पाहतो आणि त्याच्या कड्याला ताण बसतो. तो ताण ही गुंडाळलेली तार घेते. पिंजरा लोखंडी साच्यात ठेवून साचा आडवा, रुळांवर गरागरा फिरवतात आणि आत काँक्रीट सोडतात. फिरण्याच्या जोराने ते साच्याच्या भिंतीवर दाबून बसते. जड खडी-वाळू बाहेरच्या बाजूला जाते आणि जास्तीचे पाणी आतल्या बाजूला निथळून येते. मग ते काढून टाकतात. काँक्रीटचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे हे जास्तीचे पाणी. बांधकामावर ते आवरायला एखादा खमक्या माणूस लागतो. इथे मात्र यंत्रच ते पिळून काढते.

नळ तयार झाला की तो पाण्यात किंवा वाफेत मुरवतात. मग काही नळ निवडून त्यांची परीक्षा होते. पाणी भरून दाब देतात आणि थेंब पाझरतो का ते पाहतात. नळ आडवा ठेवून वरून भार देत जातात आणि पाव मिलिमीटर रुंदीची चीर कोणत्या भाराला पडते ते नोंदवतात. पुढे भारतीय मानकाने या नळांचे वर्ग ठरवले. रस्त्याच्या कामावरचा साधा मुकादमसुद्धा एन. पी. दोन आणि एन. पी. तीन ही अक्षरे तोंडपाठ म्हणतो. जड वाहनांच्या रस्त्याखाली हलका नळ घातला की उसाचा पहिला ट्रॅक्टर त्याचा निकाल लावतो. कारखान्याच्या हंगामात वाळव्यापासून फलटणपर्यंतच्या शिवाररस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर ज्या नळाच्या मोऱ्यांवरून रात्रंदिवस जातात, त्या पाहिल्या की याचा अर्थ लक्षात येतो.

वालचंदांच्या इतर उद्योगांची यादी मोठी आहे आणि तिच्यावर पुस्तके झाली आहेत. १९१९ साली नरोत्तम मोरारजी आदींबरोबर सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्याच वर्षी ५ एप्रिलला त्यांची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली, आणि तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला आणि गावाचे वालचंदनगर झाले. १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, १९४१ मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी, १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स. ब्रिटिश कंपन्यांशी दरयुद्ध खेळायचे आणि युद्धकाळात ब्रिटिश सरकारशीच करारमदारही करायचे, या दुहेरी चालीवर त्या काळी टीका झाली. ती अगदीच अनाठायी नव्हती. उधारी आणि धाडस यांचा त्यांचा हिशेबही सामान्य माणसाच्या छातीत धडकी भरवणारा होता.

सातारकरांना मात्र या यादीतले एक नाव जवळचे वाटेल. सातारा रोडला सर धनजीशा कूपर यांनी नांगर आणि पुढे डिझेल इंजिने करणारा कारखाना काढला होता. १९३७ मध्ये मुंबई प्रांताच्या हंगामी मंत्रिमंडळाचे प्रमुख झालेले ते हेच कूपर. हा कारखाना १९४० मध्ये वालचंद समूहाकडे आला. आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांत पगाराची पहिली पाकिटे या ओतशाळेतून आली.

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी ते कामातून निवृत्त झाले. अहोरात्र धावणाऱ्या माणसाच्या वाट्याला बिछाना आला. पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेतल्या सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

याच १९५३ साली एक छोटे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्याने स्थापन झालेल्या भारतीय मानक संस्थेने साध्या आणि सळईयुक्त काँक्रीटसाठी पहिली नियमावली काढली. तिचा क्रमांक ४५६. पुढे १९५७, १९६४, १९७८ आणि २००० साली ती सुधारली गेली. आज कुठल्याही साइटवर इंजिनिअर चारशे छप्पन्न म्हणतो तेव्हा तो हिच्याविषयी बोलत असतो. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे खरे. पण वालचंदांच्या पिढीतल्या कंत्राटदारांनी जे अनुभवाने आणि कधी ठेच खाऊन शिकले, ते आता छापील नियम होऊन प्रत्येक तरुण इंजिनिअरच्या हाती पडणार होते.

या नियमावलीतल्या काही गोष्टी घर बांधणाऱ्या कुटुंबालाही कळायला हव्यात. आपल्याकडे स्लॅब टाकण्याचा दिवस म्हणजे लग्नासारखा. पहाटे मिक्सर येतो, नारळ फुटतो, मंडळींना जेवण असते, आणि या धांदलीत मूळ कामाकडे लक्ष कमी पडते. ५० किलोच्या एका गोणीला साधारण २५ लिटर पाणी पुरते, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही यात धरायचे. पण काँक्रीट घट्ट वाटले की घमेलेवाले कुरकुरतात आणि कुणीतरी बादली ओततो. काम सोपे होते, ताकद मात्र घटते. जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे बारीक छिद्रे राहतात. त्या छिद्रांतून पुढे ओल सळीपर्यंत पोचते. सळी गंजली की तिचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. वीस वर्षांच्या घराच्या छताचे पोपडे पडून सळ्या दिसू लागतात, त्याचे मूळ बहुधा त्या एका बादलीत असते.

वाळूचेही तसेच. ओलसर वाळू फुगते, कधी चौथ्या हिश्श्याएवढी. घमेल्याने मोजले तर वाळू पुरी घातल्यासारखी वाटते, प्रत्यक्षात कमी पडते. जुनी माणसे अजून एकास दोनास चार हे प्रमाण सांगतात. २००० सालच्या नियमावलीप्रमाणे सळईच्या कामाला ते पुरेसे नाही. किमान एम-२० प्रतीचे काँक्रीट लागते, म्हणजे ढोबळमानाने एकास दीडास तीन.

सळ्यांच्या बाबतीत दोन चुका नेहमीच्या. स्लॅबच्या सळीखाली किमान २० मिलिमीटर काँक्रीट हवे, कॉलमला ४०, पायाला ५०. त्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉक असतात. ते सापडत नाहीत म्हणून खडीचा तुकडा किंवा फुटकी फरशी सरकवतात. पायाच्या धक्क्याने ती निसटते आणि सळी फळ्यांना टेकते. दुसरी चूक छज्जाची. घरातला स्लॅब खाली वाकतो म्हणून त्याची मुख्य सळी तळाशी असते. छज्जा मात्र भिंतीतून बाहेर लटकतो, म्हणून त्याची सळी वरच्या बाजूला हवी. ती तशी बांधलेली असते. पण काँक्रीट ओतताना चार माणसे तिच्यावरून ये-जा करतात आणि सळी तुडवली जाऊन खाली बसते. छज्जा दिसायला ठाकठीक होतो. टेकू काढताना, किंवा त्याच्यावर दोन माणसे उभी राहिली की तो खाली येतो. त्या दिवशी घरमालकाने पाहुण्यांपेक्षा छज्जाजवळ उभे राहावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

मग पाणी मारणे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, राखमिश्रित सिमेंटला दहा. स्लॅबवर वाळूचे किंवा मातीचे आळे करून पाणी साठवतात ते ठीक, पण कॉलम उभे असतात. त्यांना ओले गोणपाट गुंडाळावे लागते आणि नेमके तेच राहून जाते. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे टेकू सात दिवस आणि मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस ठेवावेत, हा साध्या सिमेंटचा नियम. सेंटरिंगवाल्याला सामान दुसऱ्या कामावर न्यायचे असते, म्हणून पाचव्या दिवशी तो दारात उभा असतो.

हे सगळे कुणीतरी शिकवावे लागते. सांगलीत हे काम १९४७ साली सुरू झाले. धोंडूमामा साठे यांनी तिथे न्यू इंजिनिअरिंग कॉलेज काढले. सुरुवातीला पदवीचा अभ्यासक्रम एकच, स्थापत्याचा. बांधकामाचे इंजिनिअर पुण्या-मुंबईलाच तयार व्हायचे त्या काळात कृष्णाकाठच्या एका शहराने हे धाडस केले. पण असे कॉलेज चालवणे खर्चाचे. यंत्रे, प्रयोगशाळा, शिक्षक, सगळ्यालाच पैसा लागतो. १९५५ मध्ये वालचंदांच्या स्मारक न्यासाकडून मोठी देणगी मिळाली, संस्थेची फेररचना झाली आणि तिला वालचंदांचे नाव मिळाले. दोन वर्षांपूर्वी गेलेल्या कंत्राटदाराचे नाव, ज्या कॉलेजाची सुरुवात स्थापत्यापासून झाली त्याला लागले, हे फार उचित झाले.

पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यात कोयना धरणाचे काम सुरू झाले. ते बांधले वालचंदांनी मागे ठेवलेल्या हिंदुस्थान कन्स्ट्रक्शनने. १०३ मीटर उंच आणि ८०० मीटरहून अधिक लांब असे हे धरण रबल काँक्रीटचे आहे, म्हणजे काँक्रीटमध्ये मोठमोठे दगड बसवून केलेले. त्यामुळे सिमेंट कमी लागते आणि सिमेंट घट्ट होताना निर्माण होणारी उष्णताही आवरते. असे धरण घराच्या स्लॅबसारखे सळ्यांवर उभे नसते. ते आपल्या वजनाने पाण्याला अडवते. सारे गणित असे मांडलेले असते, की काँक्रीटवर दाबच यावा, ताण येऊ नये. काम १९६४ च्या सुमारास पुरे झाले.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे जमीन हादरली. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा तो भूकंप. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, सुमारे १८० माणसे गेली. सातारा-सांगलीत त्या पहाटे अंथरुणातून धावत अंगणात आलेली पिढी अजून आहे. धरण फुटले अशी भीती कृष्णाकाठी पसरली नसती तरच नवल. धरणाची आखणी करताना भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतका धरला होता. धरणातल्या यंत्रांनी त्या पहाटे जो हादरा नोंदवला तो गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ निम्म्याइतका होता. तरीही धरण उभे राहिले. पण त्याला चिरा पडल्या. माथ्यापासून सुमारे ३६ मीटर खाली, जिथे धरणाच्या मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, नेमक्या त्या पातळीवर, दोन्ही अंगांना आडव्या चिरा. ज्या ताणाची सवय काँक्रीटला नसते, तो ताण त्या पहाटे आला होता.

मग दुरुस्ती झाली. चिरांत इपॉक्सी भरले. धरणाच्या पोटात वरून भोके घेऊन पोलादी तारांचे दोर खाली उतरवले आणि ताणून पक्के केले, म्हणजे ज्या भागाला ताण सोसवला नाही तो कायमचा दाबाखाली राहावा. आधी बिनसळईच्या असलेल्या त्या भागांना अशा रीतीने पोलाद मिळाले. पुढे मागच्या बाजूने काँक्रीटचे भरभक्कम टेकूही बांधले गेले. ते उतारावर ओळीने उभे आहेत.

विश्रामबागेतून पदवी घेऊन निघालेला तरुण आज ना उद्या अशा एखाद्या कामावर पोचतो. बहुतेक वेळा ते धरण नसते. एखादी नळाची मोरी असते, शाळेची खोली असते, नाहीतर तालुक्याच्या गावातली तीनमजली इमारत. पहिल्या दिवशी त्याच्या हाती १५० मिलिमीटरचे लोखंडी साचे देतात. ओतल्या जाणाऱ्या काँक्रीटमधून तो नमुना घेतो, साचे भरतो, दुसऱ्या दिवशी ठोकळे बाहेर काढून त्यांच्यावर तारीख लिहितो आणि पाण्याच्या टाकीत सोडतो. तीन सातव्या दिवशी फोडायचे, तीन अठ्ठाविसाव्या. तोवर मिक्सरवाला नव्या गोणीला हात घालतो, आणि पाण्याची बादली कुणाच्या हातात आहे हे त्याला मान वळवून पाहावे लागते.